आधी बघणे, मग काढणे : प्राथमिक शाळेतील चित्रकलेविषयी सभासदांशी हितगुज



लागण, खोडवा, ठिबक, माती परीक्षण आणि उसाचा दर यांविषयी आपण या पत्रिकेत नेहमी वाचता. या अंकात मला जरा वेगळ्या विषयावर लिहायचे आहे. विषय आहे पहिली ते पाचवीच्या मुलांची चित्रकला. आपण म्हणाल, "मास्तर, खतं महागली, मजूर मिळंना, अन् तुम्ही चित्रं कसली काढत बसलाय?" आपले म्हणणे खोटे नाही. मीही आपल्यासारखाच या कारखान्याचा ऊस घालणारा सभासद आहे. तरीपण ३४ वर्षे प्राथमिक शाळेत काढल्यावर एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. ती आपल्या पोराबाळांच्या कामाची आहे, म्हणून लिहितो.

पुढे वाचण्यापूर्वी एक छोटी परीक्षा घ्या. पेन्सिल घ्या आणि जवळच्या कागदावर चार कांड्यांचा ऊस काढा. फडात जाऊन बघायचे नाही, आठवणीनेच काढायचा. पेरे काढा, प्रत्येक पेऱ्यावर डोळा काढा. झाले? आता एक ऊस आणून शेजारी ठेवा.

मी हा प्रयोग पाचवीच्या मुलांवर केला आहे आणि पारावर बसलेल्या मोठ्या माणसांवरही केला आहे. बहुतेकांनी सगळे डोळे एकाच बाजूला, एकाखाली एक काढले. काहींनी प्रत्येक पेऱ्यावर दोन्ही बाजूंना एकेक डोळा काढला. खरा ऊस तसा नसतो. एका पेऱ्यावर एकच डोळा असतो. तो उजवीकडे असला तर पुढच्या पेऱ्यावर डावीकडे आणि त्याच्या पुढच्यावर पुन्हा उजवीकडे. पानेही तशीच आळीपाळीने दोन ओळींत येतात. टिपरी लावताना डोळे बाजूला येतील अशी ठेवावी, असे आपण मजुराला बजावतो. ते डोळे दोन बाजूंना असतात म्हणूनच तसे जमते. हाताला हे ठाऊक असते, पण डोळ्याने ते कधी नीट पाहिलेले नसते. सगळे आयुष्य उसात काढलेल्या माणसाची ही गत, तर आठ वर्षांच्या पोराला काय बोलावे?

चित्रकला म्हणजे सुबक आकार काढणे, रंग रेघेबाहेर न जाऊ देणे, असा आपला समज आहे. लहान मुलांच्या बाबतीत तिचा खरा उपयोग वेगळाच आहे. ती बघायला शिकवते.

बोईसरच्या खोलीतला देखावा

मला हे कळले ते पालघर जिल्ह्यात. माझी लेक बोईसरला दिली आहे. जावई तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. आपल्या भागातली कितीतरी मुले नोकरीसाठी बोईसर-तारापूरला गेलेली आहेत, त्यामुळे हा मुलूख आपल्याला परका नाही. तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ साली सुरू झाला. तो देशातला पहिला. पुढे बोईसरला कारखान्यांची मोठी वसाहत झाली. हा सगळा भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा निराळा जिल्हा झाला. एका बाजूला समुद्र, सातपाटीसारखी मच्छीमारांची गावे, मध्ये रेल्वे आणि कारखाने, आणि पूर्वेला जव्हार-मोखाड्याचे डोंगर व आदिवासी पाडे, असा हा जिल्हा आहे.

तिसरीतली नात घरचा अभ्यास करीत बसली होती. चित्र होते 'देखावा'. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठाला एक झोपडी, एक नारळाचे झाड आणि आभाळात इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे चार पक्षी. मी खिडकीतून बाहेर पाहिले. बाहेर पाण्याची टाकी होती, धुराडे होते, विजेच्या तारा होत्या, त्यांवर ओळीने बसलेले पक्षी होते आणि लांब ताडाची झाडे होती. झोपडी नव्हती की नदी नव्हती.

मी विचारले, "हे कुठलं गं?"

ती म्हणाली, "कुठलं म्हणजे? आजोबा, देखावा असाच असतो."

मंडळी, मी गप्प बसलो. हाच देखावा मी ३४ वर्षे फळ्यावर काढून दाखवला होता. आपल्या गावात त्रिकोणी डोंगर नाही आणि नारळही मोजकेच. तरी शेकडो मुलांनी माझ्या फळ्यावरून तो उतरवून घेतला. ज्याचा हुबेहूब उतरला त्याला दहापैकी नऊ. कुठे आपला गाव आणि कुठे बोईसर, पण दोन्हीकडच्या पोरांच्या वहीत एकच डोंगर!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला घेऊन चिंचणीच्या किनाऱ्याकडे निघालो. वाटेत ताडाचे झाड लागले. विचारले, "हे कसलं झाड?" म्हणाली, "नारळाचं." म्हटले, "बरं, आता पान बघून सांग." मग थोडे पुढे खरा माड लागला, तिथेही थांबलो. चांगली पाच मिनिटे तिने वर मान करून पाहिले आणि मग म्हणाली, "त्याचं पान पंख्यासारखं आहे, ह्याचं पिसासारखं." ताड आणि माड यांतला फरक मी तिला सांगितला नव्हता, तिने स्वतः पाहिला. घरी आल्यावर न सांगता दोन्ही झाडे काढली. खोड वाकडेतिकडे आले, पण पाने दोन तऱ्हेची आली. त्या दिवसानंतर तिला कुणी ताडाला नारळ म्हणायला लावू शकणार नाही.

कोसबाडची टेकडी

बोईसरहून उत्तरेला गेले की डहाणू तालुका लागतो. तिथे बोर्डी आणि कोसबाड ही दोन गावे आहेत. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पालकाने ही नावे लक्षात ठेवावीत. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. शहरातल्या बालमंदिरांची साधने महाग होती, ती खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले आणि अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली.

त्यांनी केले काय? विकतची साधने बाजूला ठेवली आणि जवळ मिळेल ते घेतले. शंखशिंपले, बिया, पाने, खडे, काड्या, माती, मणी. मोजायला बिया, रंग ओळखायला पाने-फुले, आकार ओळखायला शिंपले. पाड्यावरची पोरे शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज गावोगाव रुळलेला 'अंगणवाडी' हा शब्द याच कामातून आला. गुरे राखणारी पोरे कुरणातून हलू शकत नव्हती, तर त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरवली, तिला 'कुरणशाळा' नाव पडले.

शेंग हातात घेऊन तिच्यातल्या बिया मोजणारे मूल आणि शेंग समोर ठेवून तिचे चित्र काढणारे मूल एकच काम करीत असते. दोघेही वस्तू नीट पाहत असतात. तेव्हा महाग रंगपेटी नाही म्हणून चित्रकला होत नाही, ही सबब कोसबाडने कधीच निकालात काढली आहे.

भिंतीवरचा चौक

याच मुलखातली वारली चित्रे आज जगभर गेली आहेत. पूर्वी ही चित्रे लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर सुवासिनी काढीत. भिंत शेणा-मातीने सारवून गेरूने रंगवायची आणि तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीचे टोक ठेचून केलेल्या लेखणीने चौक लिहायचा. चौकात पालघट देवी आणि भोवती झाडे, जनावरे, लग्नाची माणसे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर गेले आणि ही कला बाहेरच्यांच्या नजरेस आली. त्या वेळी डहाणू तालुक्यातल्या गंजाड भागातले जिव्या सोमा म्हसे पुढे आले. बायकांची समजली जाणारी ही कला त्यांनी पुरुष असून हाती घेतली. लग्नाच्या चौकापलीकडे जाऊन शेती, मासेमारी, तारप्याचा नाच, मुंग्यांची रांग हे सारे कागदावर आणले. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. लहानपणी आई गेल्यावर त्यांचे बोलणेच थांबले होते आणि ते धुळीत रेघा ओढून मनातले सांगत, असे सांगतात.

इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. हल्ली आपल्याकडच्या शाळांतही 'वारली' असते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर गोल, खाली दोन काड्या, झाला माणूस. असे पन्नास माणूस काढले की चित्र पुरे. ही पुन्हा नक्कलच झाली. दोन डोंगरांऐवजी दोन त्रिकोण, इतकाच फरक. म्हशांच्या चित्रातला माणूस वाकतो तेव्हा तो लावणी करताना जसा वाकतो तसाच वाकतो, ओझे घेतो तेव्हा मान पुढे जाते. त्रिकोण सोपा आहे, पण त्यामागचे बघणे सोपे नाही. मुलांना वारली दाखवायची असेल तर आधी खुरपणाऱ्या बायका दाखवा, मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढणारा माणूस दाखवा, कंबर कुठे वाकते ते विचारा. त्रिकोण मागाहून येऊ द्या.

मूल कोणत्या वयात काय काढते

आपले पोर चुकीचे काढते असे वाटले की आपण हात धरतो. त्याआधी एवढे समजून घ्यावे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी स्वतंत्र चित्रवर्ग काढला. तेव्हापासून मुलांच्या चित्रांचा अभ्यास होत आला आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड या अभ्यासकाने १९४७ साली आपल्या पुस्तकात या वाढीचे टप्पे मांडले. आपल्या भाषेत ते असे :

दोन ते चार वर्षे : नुसत्या रेघोट्या. हाताला हालचालीची मजा वाटते. भिंत खराब होते म्हणून मारू नये, पाटी द्यावी.

चार ते सात वर्षे : गोल काढून त्यालाच हातपाय फुटतात. पोट नसते. मुलाला जे महत्त्वाचे वाटते तेवढेच येते.

सात ते नऊ वर्षे : मूल जे दिसते ते न काढता जे ठाऊक आहे ते काढते. घराच्या भिंतीआडची आई दिसते, जमिनीखालचा बटाटा दिसतो. ही चूक समजू नये. ते त्याचे ज्ञान आहे.

नऊ ते बारा वर्षे : आता मुलाला 'खऱ्यासारखे' हवे असते आणि येत नाही म्हणून ते चिडते. "मला चित्र येत नाही" हे वाक्य याच वयात जन्माला येते. कुणी बघायला शिकवले तर मूल तरते, नाहीतर पेन्सिल खाली ठेवते ती कायमची.

हे मला नोकरीच्या सुरुवातीला ठाऊक असते तर बरे झाले असते. दुसरीतल्या एका मुलाने बैलगाडी काढली होती. गाडी वरून पाहिल्यासारखी, दोन्ही चाके दोन बाजूंना आडवी पसरलेली आणि बैल मात्र बाजूने पाहिल्यासारखे. मी सगळ्या वर्गासमोर वही वर धरली आणि म्हणालो, "ही गाडी उलटली वाटतं!" वर्ग हसला. मीही हसलो. फळ्यावर 'बरोबर' गाडी काढून दिली, एकच चाक दिसणारी. त्या मुलाने ती निमूटपणे उतरवून घेतली. त्यानंतर तो माझ्या वर्गात होता तोवर मनाने एकही चित्र काढलेले मला आठवत नाही. त्याच्या घरी गाडी होती. चाके दोन आहेत हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

चाळीस मिनिटांचा तास कसा घ्यावा

पहिली-दुसरीत बघणे, बोलणे आणि मनाने काढणे एवढेच पुरे. तिसरीपासून वस्तू समोर ठेवून काढायला शिकवावे. त्याची रीत साधी आहे, पालकांनाही घरी करता येईल.

१. वस्तू साधी आणि जवळची घ्यावी. उसाची टिपरी, भेंडी, वांगे, चिंचेची शेंग, खुरपे, चप्पल. एका गटाला एक वस्तू द्यावी.

२. पहिली सात-आठ मिनिटे पेन्सिल बंद. वस्तू हातात फिरवायची, वास घ्यायचा, बोट फिरवायचे. विचारावे : सगळ्यात जाड कुठे? सगळ्यात बारीक कुठे? रंग किती? वाकते कुठे? गुळगुळीत कुठे, खरखरीत कुठे?

३. मग मुंगीचा खेळ. "तुझा डोळा म्हणजे मुंगी. ती वस्तूच्या कडेने हळूहळू चालली आहे. मुंगी चालेल तशी पेन्सिल चालव. मुंगी थांबली की पेन्सिल थांबव." मुले घाई करतात ती या खेळाने थांबते.

४. खोडरबर नको. रेघ चुकली तर राहू द्यावी आणि शेजारी दुसरी काढावी. खोडण्यात निम्मा तास जातो आणि भीती वाढते.

५. चित्र पानभर मोठे. कोपऱ्यातल्या शेंगदाण्याएवढ्या चित्रात बघितलेले मावत नाही.

६. माप घ्यायला शिकवावे. हात ताठ धरून पेन्सिलीने उंची मोजायची. टिपरीची रुंदी तिच्या लांबीत किती वेळा बसते? गणित इथे आपोआप येते.

७. त्याच वस्तूचे दुसरे चित्र त्याच तासाला. पहिले आणि दुसरे शेजारी ठेवले की मुलाला स्वतःचीच प्रगती दिसते. तुलना वस्तूशी करावी, शेजारच्या मुलाशी करू नये.

गुरुजींसाठी आणि आईबापांसाठी दोन पथ्ये. एक, मुलाच्या कागदावर आपली रेघ ओढू नये. दुसरे, नुसते "छान" किंवा "चुकलं" म्हणू नये. "इथं तू काय बघितलंस?" असे विचारावे. मूल बोलू लागते आणि बोलता बोलता पुन्हा बघते.

साहित्य घरात आहे

जुन्या दिनदर्शिकेची मागची बाजू, लग्नपत्रिकांचे पाठकोरे कागद, खोक्यांचे पुठ्ठे. रंगाला गेरू, हळद, नीळ, चुलीतला कोळसा, तांदळाचे पीठ, पालकाचा रस. कुंचल्याला कडुनिंबाची काडी ठेचून घ्यावी, नाहीतर काडीला कापूस गुंडाळावा. खडू आणि शाळेची फरशी तर फुकटच. पालकाचा रंग काही दिवसांनी फिका पडतो. तो का पडला हे विचारू द्यावे, तोही धडाच आहे.

शाळेत करता येतील असे चार उपक्रम

टिपरीची वही. एक डोळ्याची टिपरी ओल्या वाळूत कुंडीत लावावी. दर चार दिवसांनी मुलांनी तिचे चित्र काढावे आणि तारीख घालावी. डोळा फुगतो, कोंब बाहेर पडतो, पेऱ्यावरच्या ठिपक्यांच्या पट्ट्यातून मुळ्या फुटतात. महिनाभरात आठ चित्रे होतात. आपला बाप काय पिकवतो हे ते मूल पहिल्यांदा बारकाईने पाहील.

ठसे. ऊस आडवा कापून कापाचा रस पुसून जरा वाळू द्यावा, मग गेरूत टेकवून कागदावर उठवावा. गोलात ठिपके दिसतात, सालीकडे दाट आणि मध्ये विरळ. ते उसाचे धागे. भेंडीचा काप, पानाच्या शिरांवर कागद ठेवून पेन्सिल घासून उठवलेली नक्षी, हेही याच जातीचे उपक्रम. समुद्राकाठच्या शाळांना शिंपले आणि ओल्या वाळूतले पक्ष्यांचे पाय आहेत, आपल्याला बांधावरचा चिखल आहे.

शिवाराचा नकाशा. चौथीची मुले गटाने फिरून विहीर, पाट, मोठी झाडे, देऊळ, रस्ता यांची चित्रे काढतील आणि एका मोठ्या कागदावर जागच्या जागी बसवतील. दिशा, अंतर, प्रमाण सगळे यात येते. म्हातारी माणसे जागांची जुनी नावे सांगतील, ती लिहून घ्यावीत.

गळिताच्या हंगामाची भिंत. शाळेची एक भिंत गेरूने सारवून घ्यावी. तोडणी, मोळी बांधणे, ट्रॅक्टर, बैलगाडी, वजनकाटा, धुराडे हे मुलांनी जाऊन पाहून काढावे. पुढच्या हंगामापूर्वी पुन्हा सारवावी आणि नव्या मुलांना द्यावी. वारली भिंतीही अशाच पुन्हा पुन्हा सारवल्या जात.

"मार्कं मिळतील का?"

हा प्रश्न हमखास येतो. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आपल्या मुलांना माहीत आहेत. इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीला मिळतात, म्हणून आठवी-नववीत शिकवणीची धावपळ होते. त्या परीक्षांत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र असते. दोन्हीला बघण्याची सवय लागते. ती आठवीत दोन महिन्यांत येत नाही, तिसरीपासून यावी लागते.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक सांगितला आहे. पहिली ते पाचवीला तसा वेगळा माणूस नाही. वर्गाच्या गुरुजी-बाईंनीच ते करायचे. आणि अभ्यास मागे राहिला की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा जातो. मीही तो घेतलेला आहे.

पण मार्कांपेक्षा मोठी गोष्ट सांगतो. २००२ साली महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला तेव्हा तो पानाच्या खालच्या बाजूला बसत होता. वरून फड हिरवागार दिसे. ज्याने पान उलटून पाहिले त्याला तो लवकर सापडला. पोंगा का वाळला, चाबूक काणी कुठल्या बेटात आली, गवताळ वाढ कशी ओळखायची, बेणे खरेच त्याच जातीचे आहे का हे डोळ्याच्या आकारावरून आणि पाचटाच्या कुसेवरून कसे ठरवायचे, हे सगळे शेवटी बघणाऱ्या माणसाचे काम आहे. माती परीक्षणाचा कागद येतो, मोबाईलवर सल्ला येतो, पण पान उलटायला माणूसच लागतो. पोरगा शेती करो, बोईसरच्या कारखान्यात यंत्रावर उभा राहो, नाहीतर दवाखान्यात नर्स होवो, ही नजर वाया जात नाही.

आणखी एक. हंगामात ऊसतोड कामगारांची मुले आपल्या शिवारात येतात. त्यांची शाळा अर्धवट सुटते. साखरशाळेत किंवा गावच्या शाळेत ती बसतात, पण पुस्तक कुठल्या पानावर आहे हे त्यांना कळत नाही आणि ती मागे कोपऱ्यात बसतात. चित्राच्या तासाला मात्र ती मागे नसतात. टिपरी समोर ठेवली की कोयत्याच्या घावाची तिरपी धार, वाढ्याची गाठ, मोळीचा बंध हे त्यांनी जितके जवळून पाहिलेले असते तितके आपल्या मुलांनी पाहिलेले नसते. कुरणशाळेने गुराख्याच्या पोरांना जे दिले, ते आपण एका तासापुरते तरी या मुलांना देऊ शकतो.

काय करता येईल

शाळा व्यवस्थापन समितीवर जे सभासद आहेत त्यांनी आठवड्याचा एक चित्रकलेचा तास राखून ठेवण्याचा आग्रह धरावा. कारखान्याच्या कार्यक्रमात चित्रस्पर्धा असते, तिथे 'देखावा' हा विषय बंद करून मुलांसमोर खरी वस्तू ठेवावी आणि परीक्षकांनी नीटनेटकेपणापेक्षा बघण्याला गुण द्यावेत. कार्यालयातले एका बाजूने कोरे राहिलेले जुने कागद रद्दीत न घालता शाळांना द्यावेत. आणि घरी, पोराने चित्र दाखवले की हातातले काम दोन मिनिटे थांबवून "हे कुठं बघितलंस?" एवढे विचारावे.

जाता जाता सांगतो. तो बैलगाडीवाला मुलगा आज आपल्यातलाच एक सभासद आहे. गेल्या हंगामात वजनकाट्याच्या रांगेत भेटला. मी त्या वहीची आठवण काढली आणि म्हटले, "माझं चुकलं रे त्या वेळी." तो हसला. म्हणाला, "मास्तर, तेवढं कशाला मनाला लावून घेताय? पण चाकं दोनच होती की हो."

चाके दोनच होती. या वर्षी त्याची मुलगी तिसरीत आहे.